पाच तास ते अखंड : ऑस्मियम, स्वीडनचे खनिज आणि हवेतून काढलेला अमोनिया (थ्रेड)

२ जुलै १९०९. जर्मनीतील कार्ल्सरुह शहर, तेथील तांत्रिक विद्यालयाची प्रयोगशाळा. एका जाड पोलादी नळीला जोडलेल्या काचेच्या पात्रात द्रवरूप अमोनिया ठिबकू लागला. मिनिटाला सुमारे दोन घनसेंटिमीटर. हे जवळजवळ पाच तास चालले. मग उशीर झाला, मंडळी थकली, आणि आणखी चालवून नवे काही कळण्यासारखे नाही असे ठरवून यंत्र थांबवण्यात आले.

हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखवणाऱ्या या पाच तासांना विज्ञानाच्या इतिहासाने योग्य तो मान दिला आहे. फ्रिट्झ हाबर यांना त्यासाठी १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु कारखान्याचे काम पाच तासांनी भागत नाही. तिथे तोच प्रवाह रात्रंदिवस, महिनोन्महिने वाहावा लागतो.

पाच तासांपासून त्या अखंड प्रवाहापर्यंतचे अंतर ज्या पदार्थामुळे कापता आले तो होता लोखंडाचा काळपट, स्वस्त आणि मुद्दाम अशुद्ध केलेला खडा. तो शोधणारे आल्विन मिटाश त्या दिवशी त्याच खोलीत उभे होते. त्यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. ही त्या खड्याची कथा.

आधी प्रश्न समजून घेऊ. वनस्पतीला वाढीसाठी नत्र लागतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे, तरी पीक नत्रासाठी आसुसलेलेच राहते. कारण हवेतील नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू तो बंध तोडू शकतात. गव्हाला आणि भाताला ती सोय नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपने ही उणीव चिलीतील सोऱ्याने भरून काढली. (त्याआधी युरोपच्या तोफांची दारू बिहारच्या सोऱ्यावर चाले आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तो भरभरून नेत. नत्राच्या व्यापाराची ही जुनी बाजू सहसा विसरली जाते.) अटाकामाच्या वाळवंटात सोऱ्याचे मैलोगणती थर होते. त्यांच्यासाठी १८७९ पासून चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध झाले.

१८९८ साली ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला : गहू खाणारी लोकसंख्या वाढते आहे, चिलीचा साठा संपणारा आहे, आणि हवेतील नत्र बांधून दाखवणे हे आता रसायनशास्त्रज्ञांचे काम आहे. जर्मनीला या इशाऱ्याची झळ अधिक होती. तिचा सोरा समुद्रमार्गे येई, आणि समुद्रावर ब्रिटिश आरमाराची सत्ता होती.

कागदावर उत्तर सोपे दिसते. एक भाग नत्र आणि तीन भाग हायड्रोजन एकत्र आले की दोन भाग अमोनिया. खरा पेच उष्णतेचा आहे. नत्राचा बंध सैल व्हायला भरपूर उष्णता हवी. परंतु जितकी उष्णता जास्त, तितका तयार झालेला अमोनिया पुन्हा मोडतो. थंड ठेवावे तर क्रिया होत नाही, तापवावे तर फळ हाती राहत नाही.

यातून सुटायचे मार्ग दोनच. चार भाग वायूचे दोन भाग होतात, म्हणून दाब वाढवला की तोल अमोनियाकडे झुकतो. आणि कमी तापमानातही क्रिया वेगाने घडवील असा उत्प्रेरक मिळाला तर काम होते. उत्प्रेरक क्रियेला वेग देतो; स्वतः मात्र खर्ची पडत नाही. निदान पाठ्यपुस्तकात तरी पडत नाही. कारखान्यात तो म्हातारा होतो, त्याला विष चढते, तो मरतोही. पुढची सगळी कथा या फरकाची आहे.

१९०० साली लाइपझिगचे थोर रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी बीएएसएफ या कंपनीला कळवले की लोखंडाच्या तारेवरून दोन्ही वायू नेले असता अमोनिया मिळतो. कंपनीने पडताळणीचे काम जेमतेम वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेल्या एका तरुणाकडे सोपवले. त्याचे नाव कार्ल बॉश.

बॉश यांनी दाखवून दिले की तो अमोनिया हवेतील नत्राचा नव्हताच. तारेतच आधीपासून मुरलेला नत्र बाहेर पडत होता. ओस्टवाल्ड संतापले. अननुभवी नवशिक्याच्या हाती काम दिल्यावर दुसरे काय होणार, असा त्यांचा सूर होता. पण नवशिक्याचेच बरोबर होते, आणि ओस्टवाल्ड यांनी पेटंटचा अर्ज मागे घेतला. लोखंडाचे नाव मात्र या प्रकरणात बरेच बदनाम झाले.

हाबर या प्रश्नाकडे वळले ते १९०४ च्या सुमारास. सुमारे १००० अंश सेल्सिअसला त्यांच्या हाती लागलेला अमोनिया टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास होता. १९०७ मध्ये वाल्टर नेर्न्स्ट यांनी भर सभेत या आकड्यांवर आक्षेप घेतला. हा अपमान हाबर यांना फार लागला. त्यांनी सगळी मोजमापे पुन्हा केली, या वेळी दाबाखाली. सोबत होते इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरून आलेले रॉबर्ट ल रॉसिन्योल. त्यांच्या हातात यंत्रकाराचे कसब होते; दोनशे वातावरणांच्या दाबाखाली गळणार नाहीत अशा झडपा त्यांनी स्वतः घडवल्या.

इथे हाबर यांनी विचाराची दिशा बदलली. एका फेरीत किती टक्के अमोनिया मिळतो, हा प्रश्न त्यांनी दुय्यम मानला. वायू उत्प्रेरकावरून वाहत राहावा, तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यावा, उरलेला वायू पंपाने परत त्याच नळीत पाठवावा, आणि जेवढा खर्ची पडला तेवढाच नवा वायू आत सोडावा. बाहेर पडणाऱ्या गरम वायूची उष्णता आत येणाऱ्या थंड वायूला द्यावी.

हे रहाटगाडगेच आहे. एकेका गाडग्यात पाणी थोडेच येते. रहाट थांबला नाही तर शेत भिजते. दर फेरीला पाच-सहा टक्के अमोनिया मिळाला तरी पुरे, फक्त फेरी वेगाने व्हावी आणि थांबू नये. प्रवाही रासायनिक उत्पादनाचे मर्म या एका वाक्यात आहे, आणि न थांबण्याचा सगळा भार उत्प्रेरकावर पडतो.

१९०९ च्या वसंतात हाबर यांना हवा तो उत्प्रेरक सापडला : ऑस्मियम. त्या काळी विजेच्या दिव्यांच्या तारांसाठी हा धातू वापरून पाहिला जात होता आणि दिव्यांच्या एका कंपनीशी हाबर यांचा सल्लागार म्हणून संबंध होता. त्यामुळे तो त्यांच्या हाताशी होता. ५५० अंशांच्या आसपास आणि पावणेदोनशे वातावरणांच्या दाबाखाली ऑस्मियमने सहा टक्क्यांहून अधिक अमोनिया दिला. युरेनियमही चांगले ठरले.

बीएएसएफच्या वरिष्ठांना शंभर वातावरणांचा दाब हा शब्दसुद्धा धडकी भरवणारा होता. धातुविद्या शिकलेले बॉश मात्र म्हणाले की पोलाद उद्योग काय करू शकतो हे आपल्याला माहीत आहे, धाडस करून पाहावे. प्रात्यक्षिकासाठी बॉश आणि मिटाश कार्ल्सरुहला आले. ऐन वेळी यंत्राचा एक बोल्ट दाबाने सुटला, दुरुस्तीत वेळ गेला, बॉश यांना परत जावे लागले. मिटाश थांबले. थेंब पडताना त्यांनी पाहिले.

बीएएसएफने लगोलग जगभरातले मिळेल तेवढे ऑस्मियम विकत घेतले. ते सुमारे शंभर किलो भरले. सगळ्या जगाचा बाजारातला साठा एवढाच. थेंब पाहून हरखलेल्या कंपनीला आपण काय विकत घेतले आहे हे कळायला फार दिवस लागले नाहीत. धातू अतिदुर्मीळ. शिवाय गरम ऑस्मियमला हवा लागली की त्याचे उडून जाणारे, विषारी ऑक्साइड बनते. नळीला एक भेग पडली असती तर जगाच्या साठ्याचा मोठा भाग धूर होऊन गेला असता. युरेनियम स्वस्त होते, परंतु पाण्याच्या वाफेचा किंवा ऑक्सिजनचा लवलेश लागला की निकामी होई. प्रयोगशाळेतील दोन्ही विजेते कारखान्याच्या दारात हरले.

आता मिटाश यांच्याकडे. जन्म १८६९, सॅक्सनीतील एका खेड्यात, सॉर्ब या स्लाव्ह अल्पसंख्य समाजातील शिक्षकाच्या घरी. स्वतःही आधी शाळामास्तर. नोकरी सांभाळत ते लाइपझिगला विद्यापीठात शिकले आणि तिशी उलटल्यावर डॉक्टरेट मिळवली, तीही ओस्टवाल्ड यांच्याच संस्थेत. १९०४ मध्ये ते बीएएसएफमध्ये आले आणि बॉश यांचे सहकारी झाले.

नत्र बांधण्याच्या इतर वाटा चाचपताना मिटाश यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. एखादा पदार्थ एकटा मंद असतो; त्यात दुसऱ्याची चिमूट पडली की तो अचानक चपळ होतो. ती चिमूट एकटी वापरली तर काहीच करत नाही. यावरून त्यांनी ठरवले की शोधायचा तो उत्प्रेरक एकच शुद्ध धातू असण्याची गरज नाही. तो मिश्रण असेल. रसायनशास्त्रज्ञाला शुद्धतेचा ध्यास शिकवलेला असतो. त्या काळी हा विचार उलट्या दिशेचा होता.

पण कोणते मिश्रण? मूलद्रव्ये डझनावारी, त्यांच्या जोड्या-तिकड्या असंख्य, प्रमाणे वेगवेगळी. हाबर यांच्यासारखे एक मोठे, नाजूक यंत्र घेऊन हे तपासायला आयुष्य पुरले नसते. सहकारी गेओर्ग श्टेर्न यांनी त्यासाठी लहान, दणकट उपकरण बनवले. आत जेमतेम दोन ग्रॅम उत्प्रेरक मावेल अशी काडतुसासारखी नळी. एक बाहेर काढावी, दुसरी सरकवावी, दाब द्यावा, आकडा टिपावा. अशी अनेक उपकरणे रात्रंदिवस चालू राहिली.

आज औषधकंपन्या यंत्रमानवांकडून हजारो नमुने तपासून घेतात. त्या पद्धतीचे पूर्वज या छोट्या नळ्यांत सापडतात. मिटाश यांची शिस्त मास्तराची होती. परिस्थिती तीच ठेवायची, निकाल वाईट आला तरी नोंदवायचा, आणि वाईट निकाल देणारा पदार्थही जपून ठेवायचा, कारण काय मारक आहे हे कळणे तितकेच मोलाचे.

६ नोव्हेंबर १९०९. मिटाश यांचे सहकारी हान्स वोल्फ यांनी उत्तर स्वीडनमधील येलिवारे येथील खाणीचे मॅग्नेटाइट, म्हणजे काळे चुंबकीय लोहखनिज, नळीत भरले. शुद्ध लोखंडाने आतापर्यंत निराशाच केली होती. या खनिजाने अनपेक्षितपणे भरपूर अमोनिया दिला.

साहजिकच इतर ठिकाणची मॅग्नेटाइटे मागवून तपासण्यात आली. ती मात्र साफ फोल ठरली. कमी धीराच्या माणसाने हा अपघात मानून सोडून दिला असता. मिटाश यांनी नेमका उलट अर्थ काढला : खनिजे लोखंडाच्या बाबतीत सारखी आहेत, तर फरक लोखंडात नसणार, तो सोबतच्या मळात आहे. येलिवारेच्या दगडात असे काय आहे जे इतरांत नाही?

मग शुद्ध लोखंड घेऊन त्यात एकेक मळ मुद्दाम घालण्याचे काम सुरू झाले. ॲल्युमिनाने फायदा झाला. एकट्या पोटॅशने फारसे काही झाले नाही. ॲल्युमिनासोबत पोटॅश घालताच उत्प्रेरक कमालीचा तेज झाला. जानेवारी १९१० मध्येच मिश्र उत्प्रेरकांसाठी पेटंटचा अर्ज दाखल झाला. पुढे चुन्याचाही समावेश झाला. लोखंडाचे ऑक्साइड वितळवायचे, त्यात काही टक्के ॲल्युमिना व चुना आणि टक्क्याच्या आसपास पोटॅश मिसळायचे, थंड झाल्यावर फोडून खडे करायचे. दगडाची नक्कल, परंतु दगडापेक्षा सरस आणि दर वेळी सारखी.

ही कृती इतकी चांगली का चालते, हे पाहण्यासारखे आहे. खडे नळीत जातात तेव्हा ते अजून उत्प्रेरक झालेले नसतात. गरम हायड्रोजन वाहू लागला की तो ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्याची वाफ करून काढून नेतो. ऑक्सिजन निघून गेलेल्या जागा पोकळ राहतात आणि खडा आतून स्पंजासारखा होतो. प्रचंड पृष्ठभाग असलेले लोखंड मागे उरते. खड्याचा बाहेरचा आकार मात्र तोच राहतो, म्हणून वायूला वाट मोकळी मिळते.

नुसत्या लोखंडाचा असा स्पंज ५०० अंशांवर फार टिकत नाही. त्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जाड होतात आणि पृष्ठभाग आकसतो. ॲल्युमिना वितळत नाही. ती कणांच्या मध्ये टेकूसारखी उभी राहते. पोटॅशमुळे लोखंडाचा पृष्ठभाग नत्राचा बंध अधिक सहज तोडू लागतो. एक घटक वेग देतो, दुसरा आयुष्य देतो. पाच तासांच्या प्रयोगात दुसऱ्याचे मोल कधीच कळले नसते.

१९१२ च्या आरंभापर्यंत सुमारे २५०० वेगवेगळे उत्प्रेरक आणि सुमारे ६५०० चाचण्या झाल्या होत्या. त्यानंतरही शोध वर्षानुवर्षे चालू राहिला. लोखंडावर मात करणारे काही सापडले नाही.

शोधाची दुसरी बाजू विषांची होती. हा धडा बीएएसएफने आधी एकदा महागात घेतला होता. सल्फ्युरिक आम्ल करण्यासाठी प्लॅटिनमचा उत्प्रेरक वापरताना खनिजातील आर्सेनिकने प्लॅटिनम मारले होते. वायू काटेकोर धुतल्यावरच ती रीत चालली. (त्या तीव्र आम्लावर १८९७ पासून कंपनीची कृत्रिम नीळ उभी राहिली आणि बिहार-बंगालची नैसर्गिक नीळ बाजारातून हटू लागली. चंपारणच्या शेतकऱ्यांच्या हालांमागे जर्मनीतील या कारखान्याची छाया आहे.)

एका पिंपात एकदाच क्रिया करायची असेल तर थोडा मळ चालून जातो. माल काढला, पिंप धुतले, संपले. अखंड प्रवाहात उत्प्रेरक जागीच बसून असतो आणि वायूचा प्रत्येक कण त्याच्यावरून जातो. लाखात एखादा गंधकाचा कण असला तरी तो लोखंडाला चिकटतो आणि निघत नाही. आज एक, उद्या आणखी एक. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण विषालाही लागू पडते. मिटाश यांच्या चाचण्यांत गंधक, क्लोरीन, फॉस्फरस, आर्सेनिक हे सगळे मारेकरी उघडे पडले.

दुर्दैवाने हायड्रोजनचा स्वस्त मार्ग म्हणजे तापलेल्या कोकवरून वाफ सोडणे, आणि त्यातून गंधक व कार्बन मोनॉक्साइड भरपूर येतात. मोनॉक्साइडही लोखंडाचे वैरी. बॉश आणि विल्हेल्म विल्ड यांनी वाफेच्या साहाय्याने मोनॉक्साइडचेच आणखी हायड्रोजनमध्ये रूपांतर करण्याची रीत बसवली. तिच्यासाठी लोह आणि क्रोमियम यांच्या ऑक्साइडांचा वेगळा उत्प्रेरक लागला. एका उत्प्रेरकाला जगवण्यासाठी दुसरा. उरलासुरला मोनॉक्साइड दाबाखाली ताम्रक्षारांच्या द्रावणाने धुऊन काढण्यात आला.

पोलादाची कथा तर स्वतंत्र थ्रेडच्या लायकीची आहे, इथे थोडक्यात. पहिल्या मोठ्या नळ्या सुमारे ८० तास चालल्या आणि फुटल्या. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातील कार्बन खाऊन टाकतो आणि पोलाद ठिसूळ होते. बॉश यांनी नळी दुहेरी केली : आत कार्बन जवळजवळ नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर, बाहेर भार पेलणारे पोलाद. अस्तरातून झिरपणारा हायड्रोजन निसटून जावा म्हणून पोलादी कवचाला बारीक छिद्रे. दाब पेलणाऱ्या भिंतीला मुद्दाम छिद्रे पाडणे हा वेडेपणा वाटावा. यशाचे तेच कारण ठरले. फुटलेल्या त्या नळ्यांत ऑस्मियम नसून लोखंड होते, हे कंपनीचे भाग्य.

लुडविग्सहाफेनच्या उत्तरेला ऱ्हाइनकाठी ओपाउ येथे १९१२ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ९ सप्टेंबर १९१३ रोजी कारखाना चालू झाला. वर्षाला ३६,००० टन अमोनियम सल्फेट हे उद्दिष्ट. कार्ल्सरुहच्या थेंबांना चार वर्षे आणि दोन महिने झाले होते. हवा, पाणी आणि कोळसा एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने खत बाहेर, आणि मध्ये काळ्या खड्यांवरून कधीही न थांबणारा वायू.

खताचा हा कारखाना वर्षभरही शांततेत चालला नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश नाकेबंदीने चिलीचा सोरा तोडला आणि जर्मन सेनेच्या लक्षात आले की दारूगोळ्याचा साठा काही महिन्यांचाच आहे. स्फोटकांसाठी नायट्रिक आम्ल हवे. अमोनियापासून ते करण्याची रीत ओस्टवाल्ड यांनीच बसवली होती, परंतु तिला प्लॅटिनम लागे. बॉश यांनी सरकारला शब्द दिला की ओपाउमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवू.

शब्द पाळता आला तो पुन्हा मिटाश यांच्या गटामुळे. हजारो चाचण्यांचा तोच रहाट फिरला आणि लोह-बिस्मथ ऑक्साइडांचा उत्प्रेरक हाती आला. प्लॅटिनमची गरज उरली नाही. मे १९१५ मध्ये ओपाउतून सोरा निघू लागला. त्याच महिन्यात फ्रेंच विमानांनी तेथे बाँब टाकले. म्हणून पुढचा प्रचंड कारखाना आघाडीपासून दूर, मध्य जर्मनीत लॉयना येथे उभारला गेला. एप्रिल १९१७ मध्ये तोही चालू झाला.

या कारखान्यांवाचून जर्मनीला इतके दिवस लढताच आले नसते, यावर इतिहासकारांचे बहुतांशी एकमत आहे. उपासमार टाळण्यासाठी शोधलेल्या खड्याने खंदकांतील कत्तल लांबवली. खुद्द हाबर तोवर विषारी वायूंच्या कामात बुडाले होते. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या आघाडीवर त्यांच्या देखरेखीखाली क्लोरीन सोडण्यात आला. काही दिवसांतच, २ मे रोजी, त्यांच्या पत्नी क्लारा इमरव्हार यांनी आत्महत्या केली. त्याही रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेल्या होत्या.

ओपाउच्या नावाला आणखी एक डाग आहे. २१ सप्टेंबर १९२१ रोजी कोठारात दगडासारखे घट्ट झालेले खत मोकळे करण्यासाठी नेहमीप्रमाणे सुरुंग लावले गेले आणि अमोनियम सल्फेट-नायट्रेटचा ढीग उडाला. पाचशेहून अधिक माणसे मेली. उच्च दाबाच्या ज्या नळ्यांना सगळे घाबरत, त्या नळ्यांचा यात दोष नव्हता. रोजच्या सवयीने बेफिकीर झालेल्या कोठारात मृत्यू आला.

बॉश यांना १९३१ मध्ये उच्च दाबाच्या रसायनतंत्रासाठी नोबेल मिळाले. ज्यू असलेल्या हाबर यांना १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. पुढच्याच वर्षी जानेवारीत बाझेल येथे त्यांचे निधन झाले. मिटाश यांना नोबेल मिळाले नाही. निवृत्तीनंतर ते उत्प्रेरणाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान यांवर लिहीत राहिले, आणि १९५३ मध्ये हायडेलबर्ग येथे वारले.

पारितोषिकांचा हा हिशेब अन्यायाचा आहे का? काही अंशी आहे. हाबर यांनी क्रिया शक्य आहे हे दाखवले, बॉश यांनी तिला घर बांधून दिले. या दोन्ही गोष्टी चटकन डोळ्यांत भरतात. हजारो फसलेल्या चाचण्यांची वही कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय ते काम एकट्या मिटाश यांचे नव्हते. वोल्फ, श्टेर्न आणि रात्रपाळीत आकडे टिपणारे अनेक साहाय्यक त्यात होते, आणि पारितोषिके अशा गटांसाठी घडवलेली नसतात.

येलिवारेच्या दगडाचे कोडे सुटायला मात्र बराच काळ जावा लागला. लोखंडाच्या पृष्ठभागावर नत्राचे दोन अणू सुटे होणे हीच सर्वांत संथ पायरी आहे आणि पोटॅशियम तिथेच मदत करते, हे गेरहार्ट एर्टल यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्वात पात्रांतील सूक्ष्म प्रयोगांनी सिद्ध केले. त्यांना २००७ मध्ये नोबेल मिळाले. मिटाश यांनी का ते न कळताही काय ते अचूक शोधले होते.

दरम्यान उत्प्रेरक जगभर गेला. भारतात सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. मुंबईत ट्रॉम्बे येथे १९६५ मध्ये खतनिर्मिती सुरू झाली, आणि अलिबागजवळ थळचा कारखाना १९८० च्या दशकात आला. हायड्रोजन आता कोकऐवजी नैसर्गिक वायूपासून मिळतो, नळ्या अवाढव्य झाल्या, दाब उतरला. १९९० च्या दशकात रुथेनियमचा अधिक चपळ उत्प्रेरक काही कारखान्यांत बसवला गेला, पण तो दुर्मीळ आणि महाग. जगातील बहुतेक अमोनिया आजही ॲल्युमिना, चुना आणि पोटॅश मिसळलेल्या लोखंडावरच तयार होतो. वायू नीट धुतलेला असेल तर एकदा भरलेले खडे दहा वर्षांहून अधिक काळ चालतात.